मधल्या माणसाची शपथ

माझ्या कामाविषयी लिहायला बसलं की हात आखडतो, कारण त्या कामात जे घडतं ते माझं नाही. दिवसभर माझ्या तोंडून आणि माझ्या हातांतून दुसऱ्यांची बोलणी जातात. कुणाचं दुखणं, कुणाचा थकलेला हप्ता, कुणाच्या मुलीच्या लग्नाची बोलणी, कुणाचं माहेरी सांगायचं राहून गेलेलं काही. संध्याकाळी हेडफोन काढला की त्यातलं काहीही कुणाला द्यायचं नाही. म्हणून या लेखात एकाही कॉलची हकीकत येणार नाही. नाव बदलून नाही, गाव बदलूनही नाही. कर्णबधिरांचं जग लहान असतं. कोण कुठल्या कारखान्यात आहे, कुणाच्या घरी दुसरी मुलगी झाली, एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. जे सांगेन ते माझ्या घरचं, आणि तेही आईला विचारून.

मी दुभाषी आहे. खुणांच्या भाषेतून हिंदी-मराठीत आणि तिकडून इकडे, पण समोरासमोर नव्हे, फोनवर. बहिरा माणूस व्हिडिओ कॉलवर मला दिसतो, मी त्याला दिसते. त्याला ज्याच्याशी बोलायचं असतं त्याला मी दुसऱ्या लाइनवर फोन लावते. तो खुणा करतो, मी बोलते. पलीकडचा बोलतो, माझे हात चालतात. याला रिले म्हणतात. आपल्याकडे हे अजून फार थोड्यांना ठाऊक आहे. २०११च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेली माणसं ५० लाखांच्या वर नोंदली गेली, आणि शिकलेले दुभाषी त्या मानाने मूठभर. दिल्लीला सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था निघाली तीच मुळी २०१५ साली. त्याआधी दुभाष्यांचं शिक्षण म्हटलं की आम्हा मराठी मुलांना एकच ठिकाण माहीत होतं, मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था.

मी राहते जयपूरला, सोडाल्यात. अजमेर रोड आणि न्यू सांगानेर रोड जिथे एकमेकांना भेटतात त्या भागात शांत खोली मिळणं अवघड. डोक्यावरून मेट्रो जाते, राम नगर स्टेशनात थांबते. आंबेडकर सर्कलकडून येणारा लांबलचक उड्डाणरस्ता सोडाल्यात उतरतो आणि त्यावरून उतरलेली प्रत्येक गाडी उतरताच हॉर्न वाजवते. लग्नसराईत बँड, श्रावणात मोर, भाजीवाल्यांचे पुकारे तर बारा महिने. मी मागची खोली निवडली. तिची खिडकी एका बोळात उघडते आणि बोळाच्या पलीकडे कुणाची तरी गच्ची आहे. कॉल सुरू करण्याआधी त्या खिडकीचा पडदा मी न चुकता ओढून घेते.

लोकांना वाटतं, पडदा उजेडासाठी. तो उजेडासाठी नाही. खुणांच्या भाषेत कुजबुज करता येत नाही. बोलणाऱ्याला आवाज खाली आणता येतो, हात मात्र हवेतच उठावे लागतात आणि ते रस्त्यापलीकडच्या गच्चीवरूनही वाचता येतात. त्या गच्चीवर कोण उभं असेल, त्याला ही भाषा येत असेल की नाही, मला माहीत नाही. मेमध्ये जयपूरचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हाही कॉल चालू असताना कूलर बंद असतो, कारण त्याचा घरघराट पलीकडच्याच्या कानात जातो. दार बंद, खिडकी बंद, पडदा ओढलेला, पाठीमागे एकरंगी भिंत, अंगात एकरंगी कुर्ता म्हणजे हात नीट दिसावेत. मांडीवर एक पाटी. फोन नंबर, औषधाचं नाव, रक्कम असं जे लगेच विसरायला होतं ते पाटीवर लिहायचं आणि कॉल संपला की पुसायचं. आधी कागद होते. कागद फाडले तरी तुकडे उरतात म्हणून मी पाटी आणली, सोडाल्याच्याच बाजारातून, लाकडी चौकटीची, शाळेत असते तशी.

कॉलवर मी ‘मी’ म्हणते. हे नव्याला फार विचित्र वाटतं. बहिरा माणूस खूण करतो, “मला उद्या सुट्टी हवी आहे,” तेव्हा मी “त्यांना सुट्टी हवी आहे” असं म्हणत नाही, “मला सुट्टी हवी आहे” असंच म्हणते. पुरुषाची वाक्यं पुरुषी क्रियापदांनी बोलते. तो रागावला असेल तर माझ्या आवाजात राग असतो. पलीकडच्याने शिवी दिली तर ती शिवी माझ्या हातांतून आणि चेहऱ्यावरून तशीच पोहोचते. गाळायचं नाही, गोड करायचं नाही, आपलं मत मिसळायचं नाही. हे ऐकायला सोपं वाटतं. पण एखाद्या माणसाला समोरच्याने तोडून टाकलेलं त्याच्या डोळ्यांत बघत त्याला सांगायचं, आणि नंतर त्याच्या वतीने उत्तर द्यायचं, तेही त्याने दिलं तेवढंच, याची सवय व्हायला माझी बरीच वर्षं गेली. मध्ये बसलेल्या माणसाला दोन्हीकडचं दिसतं, आणि दोन्हीकडचं दिसणाऱ्याला मध्यस्थी करावीशी वाटते. ती करायची नाही. बहिऱ्या माणसाला चुकीचा निर्णय घेण्याचाही हक्क आहे, तुमच्या-माझ्याइतकाच.

आणि तोंडावर कुलूप. माझ्या मते या कामाचा पाया तोच, बाकी सगळं त्यावर उभं. विचार करा, तुम्ही बँकेला फोन लावता. पलीकडची मुलगी जन्मतारीख विचारते, आईचं नाव विचारते, खात्यावरचे शेवटचे आकडे, मोबाइलवर आलेला ओटीपी. हा ओटीपी कुणालाही सांगू नका, असं त्याच संदेशात छापलेलं असतं. बहिऱ्या माणसाला तो मला सांगावा लागतो. त्याला दुसरा मार्गच दिलेला नाही. म्हणजे सुरक्षिततेची जी पहिली पायरी सगळ्या देशाला शिकवली जाते, ती त्याने दर वेळी मोडायची आणि एका अनोळखी बाईच्या चेहऱ्याकडे बघून ठरवायचं की ही विश्वासाची आहे की नाही. पुष्कळदा बँकेकडून उत्तर येतं की तिसऱ्या व्यक्तीशी आम्ही बोलू शकत नाही, ग्राहकाला फोन द्या. गोपनीयतेचा नियम आहे, म्हणतात. ग्राहकाचा आवाज ऐकवा, म्हणतात. नियम ग्राहकाच्या रक्षणासाठी केलेला, पण त्या ग्राहकालाच दाराबाहेर ठेवतो. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून यांच्या खटल्यात सांगितलं की डिजिटल केवायसी अपंगांना वापरता येईल अशी झाली पाहिजे, तो त्यांच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तो निकाल डोळ्यांच्या आणि चेहऱ्याच्या अपंगत्वावरून निघाला असला तरी मी वाचला तेव्हा मला फोनच्या या टोकाची माणसं आठवली.

आता घरचं. माझे आई-बाबा दोघेही बहिरे. बाबा पुण्यात एका छापखान्यात खिळे जुळवायचे. त्या काळी बहिऱ्या मुलांना छापखान्यात हमखास काम मिळायचं. यंत्रांच्या धडधडाटात त्यांचं काही अडत नसे. घरी मी एकटी ऐकणारी. आमच्याकडे फोन नव्हता. कोपऱ्यावर पिवळ्या पाटीचा पीसीओ, म्हणजे सार्वजनिक फोनचा बूथ, होता, त्याच्या काचेच्या खोलीत आई उभी राहायची आणि मी स्टुलावर. आई खुणा करायची, मी बोलायचे. घरमालक, डॉक्टर, बाबांचे शेठ, आत्याचं सासर. बहिऱ्या आई-बापांच्या ऐकणाऱ्या मुलांना हे सांगावं लागणार नाही. ती सगळी अशीच वाढतात. आईला कुठे गाठ आली आहे, बाबांनी कुणाकडून किती उसने आणले, आत्याला सासरी काय सोसावं लागतं, हे मला शाळेच्या वयात ठाऊक होतं, कारण ते माझ्याच तोंडून गेलेलं असायचं. आणि मूल मधे असलं की मूल गाळतं. कठोर शब्द आईपर्यंत जाऊ नये असं त्याला वाटतं. आई परवा म्हणाली, तू गाळतेस ते मला तेव्हाच कळायचं, हात गोड बोलायचे पण तुझे कान लाल व्हायचे.

तिला मी विचारलं, तुला तेव्हा सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटायचं? मला वाटलं, माझ्यावर पडलेल्या भाराविषयी बोलेल. ती म्हणाली, मला माझ्या आईशी भांडता आलं नाही. आजी गावाला, फोनवर. भांडायचं तर मुलीच्या तोंडून भांडावं लागणार. मग कशाला भांडायचं? तिने एवढं सांगून विषय संपवला, पण तेव्हापासून मला गोपनीयतेचा खरा अर्थ कळला असं वाटतं. आपल्या आयुष्यातल्या बऱ्याचशा गोष्टी आपण लपवण्यासारख्या म्हणून झाकत नाही. मधे कुणी असेल तर त्या गोष्टी मुळात घडतच नाहीत. भांडण होत नाही, रडणं होत नाही, लाडाचं एक वेडंवाकडं वाक्य बाहेर पडत नाही. मधल्याने तोंड बंद ठेवलं, आणि ते तो ठेवणार याची खात्री असली, तरच ती वाक्यं जन्माला येतात.

त्या पीसीओविषयी आणखी एक सांगायचं आहे. तो चालवणारे काका दोन्ही पायांनी अधू होते, हाताने चालवायच्या तीनचाकीवरून यायचे. असे बूथ देताना अपंगांना प्राधान्य असायचं. देशभर हजारो कोपऱ्यांवर अशी माणसं त्या पिवळ्या पाट्यांखाली बसलेली असत. इकडे सोडाल्यातही जुनी माणसं सांगतात की मंडईजवळच्या बूथवर असेच एक भाईसाहब बसायचे. काचेची ती खोली नावापुरती. बाहेर बसलेल्याला आतलं सगळं ऐकू येई. नोकरी गेल्याचं, पळून जाण्याचं ठरल्याचं, मुलगा दगावल्याचं. गल्लीच्या गल्ली त्यांच्या कानांवरून गेल्या. जग ज्यांना मदतीला पात्र म्हणून ओळखत होतं, त्यांच्याच हाती जगाची गुपितं होती, आणि त्यांनी ती सांभाळली. मीटरवरचा आकडा सांगायचे, पैसे घ्यायचे, सुटे परत द्यायचे. माझी आई काचेत रडली तर आमचे काका रस्त्याकडे तोंड फिरवून बसत. या धंद्याचा पहिला धडा मला कुणी दिला असेल तर त्यांनी.

फोनचा आणि बहिरेपणाचा संबंध तर फोनच्या जन्मापासूनचा. अलेक्झांडर ग्रॅहम बेलची आई कमी ऐकायची आणि त्याची बायको मेबल लहानपणीच्या तापापासून पूर्ण बहिरी होती. १८७६ साली त्याने ज्या यंत्राचं पेटंट घेतलं त्यावरून तिला कधीच काही ऐकू आलं नाही. खुणांच्या भाषेला बेलचा विरोध होता, बहिऱ्या मुलांनी ओठ वाचून बोलायलाच शिकावं असं त्याचं मत. ते आम्हाला फार महागात पडलं, पण तो विषय वेगळा. त्या फोनवर बहिरी माणसं स्वतःहून पोहोचायला जवळजवळ नव्वद वर्षं गेली. १९६४ साली कॅलिफोर्नियात रॉबर्ट वाइटब्रेख्ट नावाच्या बहिऱ्या पदार्थवैज्ञानिकाने टाइप केलेली अक्षरं टेलिफोनच्या तारेतून पाठवणारं जोडयंत्र बनवलं. त्याच्याबरोबर जेम्स मार्स्टर्स हा दातांचा डॉक्टर आणि अँड्रू सॅक्स हा इंजिनिअर, दोघेही बहिरे. मोडीत निघालेले जुने टेलिप्रिंटर गोळा करून त्यांनी बहिऱ्यांच्या घरोघरी पोहोचवायला सुरुवात केली. दोन बहिरी माणसं मधे कुणालाही न घेता दूरवरून बोलू लागली ती तेव्हा. मला हा प्रसंग त्या यंत्रापेक्षा मोठा वाटतो.

पण बहिरा आणि ऐकणारा यांना बोलायचं तर मधला माणूस लागणारच. अमेरिकेने तो कायद्याने उभा केला. १९९०च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात दूरध्वनी कंपन्यांवर रिले सेवेची सक्ती आली आणि जुलै १९९३पासून ती देशभर सुरू झाली. तिच्या नियमांत मधल्या माणसाविषयी जे लिहिलं आहे ते मी कितीदा वाचलं असेल. संभाषणात काहीही असो, ते त्याने बाहेर सांगायचं नाही. कॉल संपल्यावर त्याची नोंद जवळ ठेवायची नाही. मुद्दाम बदल करायचा नाही, आणि ग्राहकाने थोडक्यात सांगा असं म्हटलं नसेल तर शब्दाला शब्द पोहोचवायचा. नियम एवढा कडक की त्याचा काच मधल्यांनाच झाला. इंटरनेटवरून रिले वापरता येऊ लागल्यावर परदेशातल्या ठगांनी बहिरे असल्याचं सोंग घेतलं. चोरलेल्या कार्डांवर अमेरिकेतल्या दुकानदारांकडून माल मागवायला त्यांनी रिलेचे कॉल लावले, आणि ऑपरेटर आपल्या तोंडाने ती फसवणूक बोलत राहिले. समोरचा दुकानदार लुबाडला जातो आहे हे दिसत असून त्यांना एक शब्द बोलता येत नव्हता. पुढे वापरणाऱ्यांची नोंदणी सक्तीची झाली. ती सगळी हकीकत वाचताना मी त्या ऑपरेटरांच्या रात्रींचा विचार करत होते. तरीही त्यांचं कुलूप काढायला नको होतं असंच मला वाटतं. एका ऑपरेटरने संशय आला म्हणून सांगितलं, की दुसऱ्याला खऱ्या बहिऱ्या माणसाच्या बोलण्याचा संशय यायला वेळ लागत नाही.

आपल्याकडे काय आहे? शोधायला गेलं तर जुन्या कायद्यांत चांगल्या जागा सापडतात. १८७२च्या पुराव्याच्या कायद्याने अशिलाने वकिलाला सांगितलेलं गुपित राखण्याचं बंधन वकिलाबरोबर त्याच्या दुभाष्यावरही घातलं होतं. साहेबाच्या कोर्टात देशी अशील दुभाष्याशिवाय बोलूच शकत नव्हता, हे त्या कायदा करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. नव्या साक्ष कायद्यातही ते बंधन टिकलं आहे. १८८५च्या तार कायद्यात तारेतला मजकूर फोडणाऱ्या तारबाबूला तीन वर्षांपर्यंत कैद होती. जुलै २०१३मध्ये शेवटची तार गेली, आता तो कायदाही मागे पडला, पण सव्वाशे वर्षं गावोगावची मरणं आणि जन्म ज्याच्या हातातून गेले त्याला सरकारने शब्दाने बांधून ठेवलं होतं. न्यायालयात दुभाषी उभा राहिला की त्याला शपथ घ्यावी लागते. आणि मला सगळ्यात आवडतो तो १९६१च्या निवडणूक नियमांतला भाग. अंध मतदाराला बटण दाबायला सोबती नेता येतो. तो सोबती अठरा वर्षांचा हवा, आणि आत जाण्याआधी त्याने जाहीर करायचं असतं की या मताचं गुपित मी राखीन आणि आजच्या दिवसात मी दुसऱ्या कुणाचा सोबती झालेलो नाही. एका मतदाराचं एक मत, त्यासाठी देशाने केवढी काळजी घेतली! बायको नवऱ्याला घेऊन आली असेल, बाप मुलाला, तरी वचन द्यावं लागतं.

फोनवरच्या दुभाष्यासाठी असं कलम नाही. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात माहिती आणि संपर्क सर्वांना मिळावा असं आहे, खुणांच्या भाषेचा उल्लेख आहे, पण मधे बसणाऱ्याने काय राखायचं आणि न राखल्यास काय, याबद्दल शब्द नाही. आम्ही ज्या सेवांत काम करतो त्यांच्या आचारसंहिता असतात, आम्ही सह्या करतो, चांगली माणसं त्या पाळतात. पण फोन करणाऱ्या माणसाच्या बाजूने बघा. त्याच्या हाती काय आहे? माझा चेहरा. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. तो हक्क तारेतून, वकिलाच्या खोलीतून, मतदानाच्या खोक्यापर्यंत पोहोचतो आणि माझ्या आईच्या फोनपाशी येऊन माझ्या चांगुलपणावर टेकतो. हे मला पुरेसं वाटत नाही. मी चांगली असेन, उद्या माझ्या जागी बसणारीही असेल, पण चांगुलपणा हा हक्क नव्हे. मला माझ्यावर बंधन हवं आहे, लेखी, मोडलं तर शिक्षा असलेलं. त्या बंधनाने माझं काम जड होणार नाही, हलकं होईल. घरमालकीण माताजी विचारतात, “दिन भर किससे बातें करती हो?” तेव्हा मला हसून विषय बदलावा लागतो. पोलीस किंवा नातेवाईक विचारतील तेव्हा हसून भागणार नाही.

कुलपालाही एक फट असावी लागते, आणि ती कायद्याने आधीच दिली आहे. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळेल त्या प्रत्येकाने ते कळवलंच पाहिजे, असं २०१२चा पॉक्सो कायदा सांगतो, आणि न कळवणाऱ्याला शिक्षा ठेवतो. दुभाषीही त्यातून सुटत नाही, सुटू नये. शिकाऊ मुलींना मी हे पहिल्याच दिवशी सांगते आणि असंही सांगते की हे फोन करणाऱ्याला आधी माहीत असायला हवं. फट कुठे आहे ते दाराबाहेर लिहिलेलं असावं. आत आल्यावर सापडली तर तो विश्वासघात होतो. स्वतःच्या जिवावर उठलेल्या माणसाचा कॉल असेल तर? हा प्रश्न त्या दर वेळी विचारतात. मदतीचे नंबर त्याच्यासमोर ठेवायचे, लाइन सोडायची नाही, वरिष्ठांना लगेच घ्यायचं, असं आम्ही शिकवतो. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी प्रत्येकीला आपलं आपण ठरवावं लागतं, आणि नंतर त्या ठरवण्याबरोबर राहावं लागतं.

जयपूर अपंगांच्या कामासाठी जगभर ओळखलं जातं ते कृत्रिम पायासाठी. सवाई मानसिंग रुग्णालयात रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८च्या सुमारास बनवलेला तो पाय लाखोंनी घातला, शेतात चालवला, झाडावर चढवला. तो दिसतो, त्याचा फोटो निघतो. दुभाष्याचं काम जमतं तेव्हा ते दिसत नाही. दोघं बोलली, एवढंच उरतं.

या शहरातल्या बहिऱ्यांशी माझी ओळख इथे आल्यावर झाली. पुण्याच्या आणि इथल्या खुणांत फरक आहे. आठवड्याचे वार, भाज्या, नाती यांच्या इथल्या खुणा मला पोद्दार बधिर विद्यालयात शिकून बाहेर पडलेल्या मोठ्या माणसांनी शिकवल्या, चहाच्या टपरीवर उभं राहून, ग्लास बाजूला ठेवून, कारण हातात ग्लास असला की बोलता येत नाही. त्यांच्या लग्नांना मी जाते. मंडपात अचानक एखादा चेहरा समोर येतो. त्या चेहऱ्याने काही काळापूर्वी पडद्यावरून माझ्याकडे बघत कुणाला काय सांगितलं होतं ते मला आठवतं. अशा वेळी मी थांबते. ओळख दाखवायची की नाही हे त्यांनी ठरवायचं, मी नव्हे. त्यांनी मान हलवली तर मी हलवते, अनोळखी झाले तर मीही अनोळखी. काही जण फोनवर मन मोकळं करतात आणि मंडपात माझ्याकडे बघतही नाहीत. आधी मनाला लागायचं, आता मला ती सगळ्यात मोठी पावती वाटते. मी त्यांना हवी तेव्हा आहे आणि नको तेव्हा नाही.

हे ओझं कुठे ठेवायचं? नवरा संध्याकाळी विचारतो, कसा गेला दिवस? मी म्हणते, थकले. त्यापुढे तो विचारत नाही. लग्न झालं तेव्हा हे एकच मागणं मी त्याच्याकडे केलं होतं. आम्ही दुभाषी आपसात बोलतो तेही माणसांविषयी नाही, स्वतःविषयी. आज हात थरथरले, आज आवाज फुटला नाही, एवढंच. कधीकधी राम नगर स्टेशनखालून चालत सिव्हिल लाइन्सच्या दिशेने जाते. रस्त्याला इतका गोंगाट असतो की त्यात कुणाचंच बोलणं कळत नाही, आणि त्यानेच बरं वाटतं.

बाबांच्या हाती पहिला साधा मोबाइल आला तेव्हा त्यांनी छापखान्यातून आईला एसएमएस केला. आई तो वाचून हसली आणि उत्तर लिहायला बसली. काय लिहिलंय, मी विचारलं. तिने फोन उलटा धरला. त्या दोघांचं एक बोलणं माझ्यावाचून झालं होतं. मला त्या वयात थोडं चुकल्यासारखं झालं, पण आईचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे, एखाद्या नव्या नवरीचा असावा तसा. लिहिता-वाचता येणाऱ्या बहिऱ्यांसाठी त्या छोट्या पडद्याने मोठं दार उघडलं. ज्यांची भाषा खुणांची आहे आणि लिपी परकी राहिली आहे त्यांना ते अर्धंच उघडलं, म्हणून आमच्यासारखे लागतात.

आता यंत्रंही आली आहेत. बोललेलं ऐकून मराठी-हिंदी अक्षरांत पडद्यावर उमटवणारी अ‍ॅप आईच्या फोनमध्ये आहेत. गॅसवाला दारात काय म्हणतो ते ती वाचते. यंत्र कुणाला चुगल्या सांगणार नाही, असं एक शिकाऊ मुलगी मला म्हणाली. पण यंत्रामागे सर्व्हर असतो, तिथे काय साठवलं जातं, किती काळ, कोण बघू शकतं, याचं उत्तर दर वेळी लहान अक्षरांत असतं. कॉल संपताच पुसून टाका, ही अट माणसाला घालता येते तशी यंत्र चालवणाऱ्यालाही घातली पाहिजे, आणि ती घालण्याची वेळ सवय लागायच्या आधीची आहे.

डॉक्टरांशी बोलायचं असेल तेव्हा आई अजून माणूस मागते, आणि तो माणूस मी नको, असं तिने गेल्या वर्षी स्पष्ट सांगितलं. आमच्या कामातही घरच्यांचे कॉल घेऊ नयेत अशी रीत आहे, पण ती रीत मला माझ्याच आईने पाळायला लावली. तपासण्यांचे निकाल आले तेव्हा तिने पुण्यातून रिलेवर दुसऱ्या कुणा दुभाष्याला घेतलं. ती मुलगी कोण, कुठली, मला माहीत नाही. मी इकडे सोडाल्यात पाटी पुसत दुसऱ्यांचे कॉल घेत बसले होते. डॉक्टर काय म्हणाले ते आईने मला काही दिवसांनी सांगितलं. सगळं सांगितलं की नाही, ते त्या मुलीला ठाऊक, आणि ती सांगणार नाही.